बिलासाठी मृतदेह अडवता येतो का? आणि वॉर्डातील आरोग्याचे इतर प्रश्न

वाचकांनी विचारलेल्या आरोग्यविषयक प्रश्नांना या सदरातून मी उत्तरे देत आहे. नगरसेविका होण्यापूर्वी बरीच वर्षे मी महापालिकेच्या प्रसूतिगृहात परिचारिका होते, म्हणून संपादकांनी हे काम माझ्याकडे सोपवले. मुंबईच्या मागील महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत शहराचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. जवळपास चार वर्षे तुमची गाऱ्हाणी मांडायला सभागृहच नव्हते, त्यामुळे इतकी पत्रे साचली याचे मला नवल वाटत नाही. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझे सासरे आमच्या भागातील एका खासगी नर्सिंग होममध्ये पहाटे वारले. बिलाची उरलेली रक्कम भरल्याशिवाय मृतदेह मिळणार नाही, असे काउंटरवर सांगण्यात आले. माझ्या बांगड्या गहाण ठेवून दुपारी पैसे भरले, तेव्हा कुठे त्यांना घरी नेता आले. याविरुद्ध काही कायदा आहे की नाही? (एक वाचक, कांदिवली)

ताई, कायदा आहे आणि तो तुमच्या बाजूने आहे. त्या सकाळी तुमच्या शेजारी उभे राहून हे सांगणारे कोणी नव्हते, याचे मला फार वाईट वाटते.

मुंबईतील प्रत्येक खासगी नर्सिंग होमची नोंदणी महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ या कायद्याखाली होते. मुंबईत ही नोंदणी महापालिका करते आणि तुमच्या वॉर्ड ऑफिसमधील वैद्यकीय आरोग्य अधिकारी, ज्यांना सगळे ‘एमओएच’ म्हणतात, ते हे काम पाहतात. या कायद्याखालील नियमांत २०२१ मध्ये महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. त्यानुसार रुग्ण हक्क सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे रुग्णालयांवर बंधनकारक आहे, आणि तक्रारी ऐकून घेण्याची व्यवस्था करणे स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे आपल्याकडे महापालिकेवर, बंधनकारक आहे. बिलाच्या वादापायी मृतदेह अडवून ठेवता येत नाही. रुग्ण जिवंत असेल तर थकीत बिलासाठी त्याला डांबून ठेवणेही बेकायदा आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलेले आहे. याचा अर्थ बिल माफ होते असा नाही. रुग्णालयाचे पैसे खरोखर बाकी असतील तर ते दिवाणी मार्गाने वसूल करू शकते, पण त्यासाठी माणसाला किंवा त्याच्या देहाला तारण ठेवून घेता येत नाही.

आता पुरावा. तुम्ही पत्रासोबत कागदांच्या प्रती पाठवल्या, ते फार बरे केले. मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रावर, म्हणजे स्मशानात द्यावयाच्या फॉर्म ४ वर, मृत्यूची वेळ पहाटे ४.५० अशी आहे. पैसे भरल्याच्या संगणकीय पावतीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत दुपारी १.१२ ही वेळ छापलेली आहे. मधले आठ तास तुमचे सासरे कुठे होते आणि का होते, याचे उत्तर त्या नर्सिंग होमला द्यावे लागेल. ‘आम्ही अडवले नव्हते, नातेवाईकच उशिरा आले’ हा नेहमीचा बचाव या दोन कागदांपुढे टिकणे अवघड आहे.

तक्रार साध्या कागदावर, मराठीत, एमओएचच्या नावे लिहा. तारीख, वेळ, काउंटरवर उच्चारलेले नेमके शब्द आणि सोबतच्या कागदांची यादी त्यात द्या. दोन प्रती करा, एक आवक-जावक टेबलावर द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. फोनवर केलेली तक्रार दुसऱ्या दिवशी कोणालाच आठवत नाही, हे मी अनुभवाने सांगते. आवक क्रमांक हाती असला की प्रभाग समितीच्या, म्हणजे त्या भागातील नगरसेवकांच्या समितीच्या, बैठकीत तुमच्या नगरसेवकाला अधिकाऱ्याकडे बोट दाखवून विचारता येते की या कागदाचे पुढे काय झाले.

उपचारांची संपूर्ण कागदपत्रेही मागून घ्या. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत ती देणे बंधनकारक आहे. ही मागणीसुद्धा लेखीच करा.

या कायद्याचे एक उणेही तुमच्यापासून लपवणार नाही. दरपत्रक लावा असे तो सांगतो, पण दर किती असावेत हे सांगत नाही. २०२० मध्ये करोनाच्या काळात राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले होते, परंतु तो साथीपुरता उपाय होता. रुग्णालयांची नोंदणी व नियमन करणारा केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदाही महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. रुग्णालयांची बाजू ऐकूनच, पण दरांवर मर्यादा घालणारी तरतूद राज्याने करायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : तुम्ही नगरसेवक मंडळी महापालिकेत आरोग्याचे कायदे का करत नाही? (मुलुंड)

कारण तो अधिकार आम्हाला नाही. सार्वजनिक आरोग्य हा राज्याच्या सूचीतील विषय आहे, त्यामुळे कायदा विधिमंडळ करते आणि काही बाबतींत संसद करते. महापालिका चालते ती १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमावर. त्याच्या कलम ६१ मध्ये पालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिली आहेत आणि लसीकरण व घातक रोगांचा फैलाव रोखणे ही कर्तव्ये त्यातच येतात. नगरसेवकाच्या हाती ठरावाची सूचना, हरकतीचा मुद्दा, अर्थसंकल्पावरील चर्चा आणि प्रभाग समिती ही साधने आहेत. ही साधने लहान वाटतात, पण नीट वापरली तर उपयोगी पडतात.

या शहराच्या इतिहासातील एक गोष्ट मला नेहमी बळ देते. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात प्लेगची साथ आहे, हे प्रथम ओळखून सांगणारे डॉ. अकासियो व्हिएगस हे स्वतः महापालिकेचे सदस्य होते. वस्तीत फिरून रुग्ण पाहणारा तो माणूस होता आणि जे पाहिले ते त्याने सभागृहात मांडले. त्याच साथीतून १८९७ चा साथरोग कायदा आला, जो २०२० मध्ये करोनासाठी पुन्हा वापरावा लागला. मात्र तो राबवताना घरात शिरून, बायकांची तपासणी करून, माणसे ओढून नेऊन जी जबरदस्ती झाली, तिच्यामुळे मार्च १८९८ मध्ये मुंबईत दंगल उसळली. घरोघरी जाणाऱ्या आमच्या आरोग्य सेविकांशी मी जेव्हा बोलते, तेव्हा दार उघडणाऱ्या बाईशी कसे बोलावे यावर औषधांच्या यादीपेक्षा जास्त वेळ देते, त्याचे कारण हेच आहे.

प्रश्न : धर्मादाय रुग्णालयात गरिबांसाठी खाटा राखीव असतात म्हणतात. आम्ही गेलो तर ‘कोटा भरला’ असे उत्तर मिळाले. खरे काय? (चेंबूर)

खाटा राखीव असतात हे खरे आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली आणि उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत असेल तर ते निर्धन गटात येते आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल गटात. या खर्चासाठी रुग्णालय आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवते.

‘कोटा भरला’ हे तोंडी उत्तर मात्र स्वीकारू नका. रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, कारण या योजनेचे कागद तेच तपासतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका जवळ ठेवा. रिकाम्या खाटांची माहिती धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर पाहता येते आणि नकार मिळाला तर वरळीच्या त्यांच्या कार्यालयात तक्रार करता येते. रुग्ण अत्यवस्थ असेल तर त्याला आधी दाखल करून घेऊन जीव वाचवणारे उपचार द्यावे लागतात, अनामत रकमेसाठी थांबवता येत नाही.

उत्पन्नाचा दाखला घरात कोणी आजारी पडण्यापूर्वीच काढून ठेवा, ही माझी विनंती आहे. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या मुलाला तहसील कार्यालयाच्या रांगेत पाठवावे लागते, तेव्हा दोन्हीकडे त्याचा जीव अडकलेला असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यासाठी १५५३८८ या क्रमांकावर चौकशी करता येते.

प्रश्न : आमच्या मंडळाला यंदा गणेशोत्सवात भव्य आरोग्य शिबिर आणि रक्तदान घ्यायचे आहे. तुमचे सहकार्य मिळेल का? (करी रोड)

सहकार्य मिळेल, पण आधी थोडे स्पष्ट बोलते.

मागील कार्यकाळात मी स्वतः अशी सात-आठ शिबिरे घेतली. मंडप, फलक, हार, फोटो, सगळे झाले. त्यांपैकी एका शिबिरात समाजमंदिराच्या हॉलमध्ये रक्तदाब मोजायला मीच बसले होते. पोळ्या लाटून देण्याचे काम करणाऱ्या एक मावशी पुढे आल्या. मनगटापर्यंत पीठ तसेच होते. रक्तदाब १८०/११० निघाला. मी घाबरून म्हटले, “मावशी, आजच डॉक्टरांकडे जा.” त्या शांतपणे म्हणाल्या, “गेल्या वर्षी पण तुम्ही हेच सांगितलंत, बाई.” पिशवीतून त्यांनी मागच्या शिबिराचा घडी घातलेला कागद काढून दाखवला. त्यावर १७६ लिहिलेले होते आणि अक्षर माझेच होते. वर्षभर त्या कागद सांभाळून होत्या आणि त्या कशा आहेत हे वर्षभरात मी एकदाही विचारले नव्हते.

तेव्हापासून मी एकदिवसाची शिबिरे बंद केली. आता आम्ही तपासणी लहान ठेवतो, एका वेळी एक चाळ किंवा एक गल्ली. ज्यांच्यात काही आढळते त्यांची नावे वहीत लिहून घेतो आणि त्यांना जवळच्या ‘आपला दवाखाना’त नोंदवून देतो. नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईत सुरू झालेले हे दवाखाने सकाळी ७ ते दुपारी २ आणि दुपारी ३ ते रात्री १० चालतात, त्यामुळे रोजंदारी न बुडवता जाता येते. गोळ्या आणि बऱ्याच रक्तचाचण्या तिथे मोफत आहेत. पंधरा दिवसांनी महिला बचत गटातील एकजण त्या घरी जाऊन गोळ्या संपल्या का, पुन्हा आणल्या का, एवढेच विचारून येते. मावशींचा रक्तदाब आता १३४ च्या आसपास असतो. तुमच्या मंडळाने वीस घरांची अशी वही वर्षभर सांभाळली, तर मंडपातील दोन हजारांच्या तपासणीपेक्षा मला ती मोठी वाटेल.

रक्तदानाबद्दलही तसेच. उत्सवात शहरभर एकाच वेळी शिबिरे होतात आणि रक्तपेढ्या भरून वाहतात. लाल पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर जेमतेम ५ दिवस. आज रक्त दिलेल्या पुरुषाला पुढचे ३ महिने आणि स्त्रीला ४ महिने पुन्हा देता येत नाही. मग दिवाळीच्या सुटीत आणि मे महिन्यात, चाकरमानी गावी गेलेले असताना, थॅलेसेमियाच्या, म्हणजे वारंवार रक्त द्यावे लागणाऱ्या आजाराच्या, मुलांच्या आईवडिलांना रक्तासाठी वणवण करावी लागते. म्हणून मंडळाच्या कार्यकर्त्यांचे चार गट पाडा, एका गटाने गणेशोत्सवात, एकाने दिवाळीच्या आसपास, एकाने हिवाळ्यात आणि एकाने मे महिन्यात रक्त द्यावे. मेमधील शिबिराला जागा, पंखे आणि सरबत यांची व्यवस्था माझ्याकडून.

प्रश्न : पावसाळ्यापूर्वी चाळीत काय करावे? धूर फवारणी कधी करणार? (भायखळा)

धुराने उडणारे डास मरतात, अळ्या मरत नाहीत. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस पिंप पूर्ण रिकामे करा आणि आतली कड काथ्याने घासा, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात. गच्चीवरच्या ताडपत्रीच्या घड्या, फ्रिजमागची ताटली, कुंडीखालची बशी आणि दिवाणखान्यातले बांबूचे शोभेचे रोप, ही ठिकाणे विसरू नका. कीटकनाशक विभागाचा कर्मचारी आला तर त्याला गच्चीची किल्ली द्या, बऱ्याच सोसायट्यांमध्ये तो कुलुपापाशीच अडतो.

साचलेल्या पाण्यातून चालत जावे लागले, तर लेप्टोची (उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस हा आजार) प्रतिबंधक गोळी ७२ तासांच्या आत घेणे गरजेचे असते, पायाला जखम असेल तर विशेषच. डॉक्सिसायक्लिन ही गोळी पालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळते. गरोदर स्त्रिया आणि ८ वर्षांखालील मुले यांच्यासाठी औषध वेगळे असते, त्यामुळे घरातल्या घरात गोळ्या वाटून घेऊ नका, डॉक्टरांना विचारूनच घ्या. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर या शहरात लेप्टोने माणसे गेली. ताप आल्यावर दोन दिवस वाट पाहू नका.

कांदिवलीच्या ताईंनी त्यांची तक्रार मागच्या सोमवारी दाखल केली असून आवक क्रमांक मला कळवला आहे. त्यांच्या वॉर्डाचे नगरसेवक तो येत्या प्रभाग समितीत मांडणार आहेत आणि त्यावर काय उत्तर मिळाले ते पुढील अंकात याच जागी देईन.