प्लास्टिकची ताकद दुप्पट व्हायला किती टक्के कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) घालाव्यात?

टक्के विचारलेत म्हणून लिहायला बसलो. आमच्या साहेबांचंही तेच पालुपद होतं: 'एकानं भागत नाही? मग तीन घाला!'

पॉलिप्रॉपिलीनचं काम होतं. ट्विन स्क्रू, म्हणजे दोन स्क्रूंनी प्लास्टिक वितळवून मळणारं मशीन, दुसऱ्या ऑर्डरमध्ये अडकलेलं, म्हणून साहेबांनी ट्यूबची कोरडी पूड दाण्यांबरोबर हॉपरमध्ये ओतून सिंगल स्क्रूमधून काढायला लावली. माल दिसायला काळाभोर, चकचकीत. पण टेन्साइल मशीनवर (ओढून ताकद मोजणाऱ्या) नुसत्या पॉलिप्रॉपिलीनचा डंबेल, म्हणजे त्या आकाराचा चाचणीचा तुकडा, मध्ये बारीक होत लांबच लांब ताणला जायचा, तर हा कट्कन तुटायचा. तुटलेल्या तोंडावर भिंग धरलं की एक काळी गाठ आणि तिथूनच फाकत गेलेली चीर. ट्यूबचा गुंता सुटलाच नव्हता, आत प्लास्टिक शिरलंच नव्हतं. साहेबांचा निकाल: पुरवठादार बदला.

मी त्याच पुरवठादाराच्या ट्यूबचं मास्टरबॅच (जास्त टक्के ट्यूब मळलेले दाणे) ट्विन स्क्रूवर करून घेतलं. तापमान थोडं उतरवलं, कारण वितळलेलं प्लास्टिक घट्ट राहिलं तरच गाठींना रगडा बसतो. मग त्यात साधे दाणे मिसळून टक्केवारी आधीइतकीच आणली. ताकद वाढली आणि डंबेल ताणलाही जाऊ लागला. साहेब म्हणाले, योगायोग.

दुप्पट मात्र विसरा. सुट्या ट्यूबचा यंग्ज मोड्युलस (ताठपणाचं माप) १ टेरापास्कलच्या आसपास असतो, पण तो प्लास्टिकमध्ये तसाच उतरत नाही. ट्यूबची प्लास्टिकवर पकड हवी आणि लांबीही हवी. रगडा अती झाला की ट्यूब तुटून आखूड होतात आणि भार पेलेनाशा होतात. इपॉक्सीत तासन् तास सोनिकेशन (ध्वनिलहरींनी गाठी फोडणं) करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. पकडीसाठी ॲसिडमध्ये उकळणाऱ्यांनीही. त्यात ट्यूबच्या भिंतीच खराब होतात.

हो, पॉलिप्रॉपिलीनमध्ये ट्यूबभोवती स्फटिक लवकर धरतात, त्यामुळे वाढलेल्या ताकदीचं सगळं श्रेय ट्यूबला देऊ नका. इंजेक्शन मोल्डिंगमध्ये प्रवाहाच्या दिशेनं आणि आडवं कापलेले नमुने वेगळे आकडे देतात, तेही बघा. आणि तुम्हाला ताकद नको, नुसती वीजवाहकता हवी असेल तर गणितच निराळं: तिथे ट्यूब एकमेकींना टेकलेल्याच बऱ्या.

पुरवठादाराला फोन करण्याआधी तुटलेला तुकडा भिंगाखाली धरा. गाठ दिसली तर टक्के वाढवून गाठीच वाढतील, हे तुमच्या साहेबांनाही दाखवा.