वाचक विचारतात : गोल्फ क्लबवरचा गोल्फ गेला कुठे?

प्रश्न : मी मूळची नाशिकची, लग्नानंतर पुण्यात. सुट्टीत लेकीला घेऊन माहेरी गेले होते, रिक्षावाल्याला म्हटलं गोल्फ क्लबला सोडा, तर लेक विचारते, आई इथे गोल्फ खेळतात? मला काही सांगताच येईना. क्रिकेट बघितलंय, सभा बघितल्यात, मोर्चे निघताना बघितलेत, पण गोल्फची काठी हातात घेतलेला माणूस काही त्या मैदानावर बघितला नाही. तिथे खरंच कधी गोल्फ होता, की नुसतंच नाव?
— एक माहेरवाशीण, पुणे

उत्तर : ताई, होता. आणि साधासुधा नव्हता. क्लबचं पूर्ण नाव ‘रॉयल वेस्टर्न इंडिया गोल्फ क्लब’, मुक्काम नाशिक. त्यातलं ‘रॉयल’ आपल्याकडच्या हॉटेलवाल्यांसारखं आपलं आपण लावून घ्यायचं नसतं बरं का, त्याला इंग्लंडच्या राजाची परवानगी लागते. हिंदुस्थानात हा मान मिळालेले क्लब मोजकेच. एक कलकत्त्याचा, १८२९ चा, ब्रिटनच्या बाहेरचा सगळ्यात जुना गोल्फ क्लब म्हणतात तो. दुसरा मुंबईचा, १८४२ चा. आणि त्यांच्या पंगतीत आपलं नाशिक! तेव्हाचं नाशिक म्हणजे केवढं, तर १९०१ च्या खानेसुमारीत एकवीस-बावीस हजार वस्ती. पंचवटी, जुनं नाशिक, भांडी, द्राक्षं, भटजी, यात्रेकरू, आणि गावाबाहेर माळावर साहेब लोक एका पांढऱ्या चेंडूच्या मागे मैलभर चालतायत. बघणाऱ्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

आता लेकीला घेऊन परत गेलात ना की मैदानाच्या मधोमध उभ्या राहा आणि तिला एक हिशोब घाला. क्रिकेटची बाउंड्री सत्तर मीटरवर धरली तर आतली जागा होते साधारण पावणेचार एकर. गोल्फला नऊ होलचा (होल म्हणजे चेंडू घालायचं भोक) छोटा कोर्स करायचा म्हटला तरी पन्नासएक एकर लागतात, अठरा होल असतील तर शंभरच्या पुढे. म्हणजे आज आपण ज्याला गोल्फ क्लब म्हणतो तो त्या गोल्फ क्लबचा एक कोपरा, बाकीचा कोर्स कुठल्या रस्त्याखाली आणि कोणाच्या सोसायटीच्या पार्किंगखाली गेला असेल ते तुम्हीच बघा. त्र्यंबक रोडच्या त्या भागात राहणाऱ्या एखाद्या काकांच्या हॉलमध्ये कदाचित सातवं होल असेल.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही नाशिकच्या गोल्फ क्लबचा ओझरता उल्लेख केलात म्हणून विचारतो. मुंबई-पुणं सोडून साहेबाला नाशिकच का आठवलं? आणि आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये जमीन कशी होते ते मला माहितीये, तिथे हिरवळ राखायची कोणी आणि कशी?
— एक निवृत्त शिक्षक, सिन्नर

उत्तर : गुरुजी, पहिल्याचं उत्तर रेल्वे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कसाऱ्याचा घाट चढून वर आली आणि मुंबईहून नाशिक रोड १८८ किलोमीटरवर आलं, एका रात्रीच्या आत. स्टेशनपासून गाव लांब, पण नंतर तिथून मेन रोडपर्यंत घोड्यांची ट्राम पण झाली. शेजारी देवळालीला लष्कराची छावणी, म्हणजे खेळायला गोरे ऑफिसर आयतेच. शिवाय जिल्ह्याचं ठिकाण, कलेक्टर, जज्ज, पोलीस, इंजिनियर. त्यात हवा. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळजवळ सहाशे मीटरवर आणि पाऊस वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर, मुंबईत त्याच्या तिपटीहून जास्त. मुंबईत जुलैमध्ये मैदानाचं तळं होतं, आपल्याकडे तेव्हा माळ नुसता हिरवागार असतो आणि दुपारीसुद्धा घाम येत नाही. हे नाशिककराला सांगायला नको, मुंबईकराला मात्र ते अजून दरवर्षी नव्याने कळतं आणि मग रविवारी घाटात ट्रॅफिक जाम होतो.

मुंबईच्या त्या १८४२ च्या क्लबचं पण काही फार बरं नव्हतं हो. ते खेळायचे फोर्टाबाहेरच्या एस्प्लनेडवर, आजचं आझाद मैदान, क्रॉस मैदान वगैरे ज्याचे तुकडे आहेत तिथे. सगळ्या गावाची जागा ती, घोडे, गाड्या, फिरायला आलेली माणसं, आणि पुढे क्रिकेट खेळणारी पारशी पोरं. (या पारशी पोरांचं १८८० च्या आसपास पोलो खेळणाऱ्या साहेबांशी जोरदार वाजलं होतं, घोड्यांच्या टापांनी पिच उखडतं म्हणून त्यांनी सरकारकडे अर्ज केले. तो किस्सा वेगळा लिहीन कधीतरी.) आता असल्या गर्दीत कडक चेंडू हाणायचा म्हणजे कोणाचं तरी डोकं फुटायचंच. तो क्लबही आता नाही.

आता हिरवळ. गंमत अशी की गोल्फमध्ये जिथे झेंडा आणि भोक असतं त्या जागेला ‘ग्रीन’ म्हणतात, आणि आपल्याकडच्या कोरड्या मुलखात पाण्याअभावी बऱ्याच कोर्सवर ग्रीनच्या जागी असायचे ‘ब्राउन’. म्हणजे भोकाभोवती गोल जागा सपाट करायची, बारीक वाळू घालायची, त्यात तेल मिसळायचं म्हणजे वाऱ्याने उडत नाही, आणि प्रत्येक जण खेळून गेला की पावलांचे ठसे फळीने नाहीतर गोणपाटाने ओढून पुसायचे. आपण अंगण सारवतो ना, तसंच, फक्त शेणाऐवजी तेल. चेंडू त्याच्यावर बरा सरळ जातो म्हणतात. लष्करी छावण्यांमधल्या कोर्सवर हे ब्राउन अगदी अलीकडेपर्यंत होते. बाकीचा कोर्स म्हणजे माळच, पावसाळ्यात गवत, उन्हाळ्यात ढेकळं.

हे सगळं करायला माणसं कोण, तर आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरची. काठ्यांची पिशवी उचलायला एक पोरगा, म्हणजे कॅडी, आणि चेंडू कुठे पडतो ते बघायला पुढे पळणारा दुसरा, त्याला साहेब लोकही ‘आगेवाला’च म्हणायचे. हा शब्द मला फार आवडतो. क्लबच्या भिंतीवर कप जिंकणाऱ्यांची नावं सोनेरी अक्षरात लागतात, चेंडू शोधून देणाऱ्याचं नाव काही लागत नाही. जिथे क्लब टिकले तिथे पुढे याच पोरांमधून खेळाडू निघाले, दिल्लीला कॅडी म्हणून सुरुवात केलेला अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकला. नाशिकला क्लबच राहिला नाही, मग कुठला अली शेर.

प्रश्न : एवढा राजाचा मान वगैरे होता तर बंद का पडला? आणि मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरे यांचं नाव दिलेलं असताना लोक अजून ‘गोल्फ क्लब’ म्हणतात, हे बरोबर वाटतं का तुम्हाला?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : बंद पडण्याबद्दल माझं मत सांगतो, पटतं का बघा. हा क्लब गावाचा कधी नव्हताच. तो होता बदलीवर आलेल्या ऑफिसरांचा आणि गाडीने येणाऱ्या मुंबईकरांचा. मग १९१८ ला मुंबईत विलिंग्डन क्लब निघाला, १९२७ ला चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब निघाला. घराजवळ कोर्स असताना घाट चढून कोण येतंय? उरले ते ऑफिसर, आणि ते १९४७ ला बोटीत बसले. गावातल्या कोणा कुटुंबाचा, कोणा व्यापाऱ्याचा, कोणा तालमीचा त्यात जीव गुंतलेला नव्हता, त्यामुळे असा क्लब मेला तरी रडायला कोणी नसतं. व्यायामशाळा बंद पडायला लागली की गावात बैठका होतात, वर्गणी निघते. गोल्फ क्लबसाठी कोण वर्गणी काढणार?

पण एक मान्य करायला हवं. एवढी जमीन गोल्फसाठी अडवून ठेवली होती म्हणूनच तिचा एक तुकडा मोकळा राहिला. आज तिथे रणजीच्या मॅच होतात, जॉगिंग ट्रॅकवर पहाटे अख्खं कॉलेज रोड-शरणपूर रोड चालायला येतं, आदिवासी आणि शेतकऱ्यांचे मोर्चे तिथे गोळा होतात. साहेबांनी हे आपल्यासाठी केलं नव्हतं हो, पण झालं खरं.

आता नावाचं. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. वय अठराच्या आसपास. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली, सोबत कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे. म्हणजे ज्या कलेक्टर मंडळींसाठी असले क्लब निघायचे, त्यांच्यातल्याच एकाला मारणाऱ्या मुलाचं नाव साहेबांच्या खेळाच्या जागेला लागलं. एखाद्या शहराने घेतलेला यापेक्षा नेमका सूड मला तरी माहीत नाही, आणि गंमत म्हणजे नाशिककरांना त्याचं काही विशेष वाटत नाही.

लोक गोल्फ क्लब म्हणतात यात मला अपमान दिसत नाही. तोंडाला दोन शब्द सोपे पडतात, एवढंच. मला खटकतं ते वेगळंच. पाटीवरचं नाव रोज वाचणाऱ्या दहा पोरांना विचारलं की कान्हेरे कोण, तर क्रिकेटर असतील असं एकाने मला सांगितलं होतं, मैदानावर मॅच होतात म्हणून! त्यामुळे माझी सूचना अशी की पाटीखाली चार ओळी लिहा, तारखांसकट, कान्हेऱ्यांच्याही आणि गोल्फच्याही.

आणि पुण्याच्या ताई, लेकीला येरवड्याला घेऊन जा. तिथे गोल्फ क्लब चौक आहे आणि शेजारी खराखुरा गोल्फ क्लबही आहे. कुंपणातून दिसतं थोडंफार.