नाशिकमध्ये टेकन खेळणाऱ्यांचा ग्रुप आहे पण नवीन लोक टिकत नाहीत, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की दहा-बारा जणांचा टेकन ८ या फायटिंग व्हिडिओ गेमचा ग्रुप आहे, दर महिन्याला टुर्नामेंट ठेवता, नवीन पोरं येतात पण परत दिसत नाहीत, प्रत्येक वेळी तेच चार जण जिंकतात आणि जुन्यांपैकी एकेक जण पुण्या-मुंबईला निघून चाललाय, तर आता बक्षिसाची रक्कम वाढवावी का. मी इथेच कॉलेज रोडच्या बाजूला काही वर्षांपासून रविवारचं सेशन चालवतोय, म्हणून सरळ सांगतो, बक्षीस वाढवू नका. जो पोरगा पहिल्यांदा आला, शून्य-दोन हरला आणि बॅग उचलून सातपूरला परत गेला, त्याच्यावर सगळा जोर लावा. तो पुढच्या रविवारी आला की ग्रुप वाढायला लागला समजा.

कारण बघा, बीजीएमआयसारख्या मोबाइल गेममध्ये नवीन माणूस चार जणांच्या स्क्वाडमध्ये खपून जातो, काही नाही जमलं तरी मित्र जिंकवून देतात आणि चिकन डिनर त्यालाही मिळतं. फायटिंग गेममध्ये तसं नाहीच, समोर एकच जण, मागे उभे राहून बघणारे पाच-सात जण, आणि याला कळतच नाही की आपण का हरलो, हवेत उडाला आणि खाली येईपर्यंत अर्धी हेल्थ गेली एवढंच त्याला दिसतं. त्यात टुर्नामेंट सिंगल एलिमिनेशन (एकदा हरला की बाहेर) असेल तर सोळा जणांतले आठ जण एकेक मॅच खेळून मोकळे, आणि हे आठ जण कोण असतात, तर बहुतेक नवीनच. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त खेळायची गरज आहे तेच सगळ्यात कमी खेळून घरी जातात.

आपल्याकडे तालमीत नवीन पोरगं आलं की वस्ताद त्याला पहिल्याच दिवशी तयार पैलवानाच्या अंगावर सोडत नाही, आधी जोर-बैठका, मग बरोबरीची जोड बघून लढत, आणि मोठ्यानं छोट्याला खेळवायचं असतं. आपल्या सेशनला एवढंच कळलं पाहिजे, की वस्ताद कोण आणि जोड कोण लावतंय.

आता प्रत्यक्ष काय करायचं. टुर्नामेंट ठेवायचीच तर आधी पूल खेळवा, म्हणजे छोटे गट, ज्यात प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळतो. बारा जण आले तर चार-चारचे तीन पूल, प्रत्येक पूलमध्ये सहा सेट होतात, तीन सेटअप (टीव्ही आणि कन्सोल) असतील तर एकेक पूल एकेका टीव्हीवर, आणि बेस्ट ऑफ थ्री (सेटमधल्या तीनपैकी दोन मॅच जिंकेल तो) धरला तर साधारण तासाभरात सगळे पूल उरकतात. प्रत्येकाला किमान तीन सेट मिळाले, जो येईल त्याला. मग पूलमधले वरचे दोघं-दोघं एका ब्रॅकेटमध्ये (बाद फेरीच्या तक्त्यात) आणि खालचे दोघं-दोघं दुसऱ्या ब्रॅकेटमध्ये टाका, म्हणजे नवीन पोरं आपसात खेळतात आणि त्यांच्यातलाही कोणीतरी त्या दिवशी फायनल जिंकून जातो. वरचं ब्रॅकेट डबल एलिमिनेशन (दोनदा हरला की बाहेर) ठेवा, वेळ असेल तर खालचं पण. हे सगळं स्टार्ट डॉट जीजी किंवा चॅलाँज या वेबसाइटवर फुकटात बनतं, कागदावर केलं तरी चालतं.

एक वेगळा टीव्ही मात्र कायम ब्रॅकेटच्या बाहेर ठेवायचा, नुसत्या कॅज्युअल म्हणजे मजेच्या मॅचेससाठी, कितीही गर्दी झाली तरी. आणि त्या टीव्हीवर ‘जिंकेल तो बसेल’ हा नियम लावू नका. जुन्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये तो चालायचा कारण सगळेच अडाणी होते आणि हरणारा पुढचं नाणं टाकायचा, दुकानदाराला तेच हवं असायचं. आज तो नियम लावला तर तुमचा सगळ्यात तगडा खेळाडू तासभर बसून राहतो आणि बाकीचे रांगेत मोबाईल बघतात. आमच्याकडे दोन मॅच सलग जिंकलात की उठायचं, दुसऱ्याला बसू द्यायचं. साधा नियम आहे पण त्यानं नवीन पोरांच्या मॅचेस दुपटीनं वाढल्या असं मला डोळ्यांनी दिसलंय.

मॅच झाल्यावर दोन मिनिटं बोलायची सवय जुन्या खेळाडूंना लावा, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पण एकच गोष्ट सांगायची, दहा नाही. टेकनमधल्या ब्रायन या कॅरेक्टरची स्नेक एज नावाची पायावरची लाथ खाऊन खाऊन एखादा मेला असेल तर त्याला फक्त एवढं सांगा की ही मूव्ह हळू आहे, बघून खाली बसून ब्लॉक होते, आणि ब्लॉक झाली की तू त्याला हवेत उडवू शकतोस. लगेच ट्रेनिंग मोडमध्ये पाच-दहा वेळा करून घ्या. पुढच्या आठवड्यात त्यानं ते एकदा जरी ब्लॉक केलं तर त्याचा चेहरा बघा. फ्रेम डेटा, म्हणजे कोणत्या मूव्हला किती वेळ लागतो ते, नंतर सांगा, आणि सांगायचा तेव्हा सोप्या भाषेत, की सेकंदाला साठ फ्रेम असतात, बहुतेक कॅरेक्टरचा जॅब (साधा झटपट ठोसा) दहा फ्रेममध्ये लागतो, त्यामुळे समोरच्याची जी मूव्ह ब्लॉक झाल्यावर मायनस दहा (म्हणजे तो आपल्यापेक्षा दहा फ्रेम उशिरा सावरतो) किंवा त्याहून वाईट आहे तिच्यानंतर जॅब मारला आणि तो पोचला तर तो लागणारच, समोरच्याला काही करता येत नाही. एवढं समजलं की पोरगा स्वतःच घरी लॅबमध्ये, म्हणजे ट्रेनिंग मोडमध्ये, बसायला लागतो. टेकन ८ मध्ये रिप्ले बघता बघता मध्येच कंट्रोल आपल्या हातात घेता येतो, ते फीचर नवीन लोकांना दाखवाच, बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आम्ही व्हॉट्सअॅप ग्रुपवर मराठीत व्हॉइस नोट टाकतो, कोणत्या कॅरेक्टरच्या कोणत्या मूव्हला काय करायचं, तीस-चाळीस सेकंदाच्या, इंग्रजी व्हिडिओ अर्धवट सोडणारी पोरं या पूर्ण ऐकतात.

आणि कोणी टेकनमध्ये स्पेशल स्टाइल किंवा स्ट्रीट फायटर ६ मध्ये मॉडर्न कंट्रोल, म्हणजे कमी बटणांत मूव्ह काढायची सोपी पद्धत, वापरत असेल तर त्याला हसू देऊ नका. कीबोर्डवर खेळणाऱ्यालाही नाही. आपल्याकडे निम्मी पोरं कीबोर्डवरच शिकलीत, आणि आज जे महागडे लिव्हरलेस कंट्रोलर लोक घेतात तेही शेवटी बटणांवरच चालतात. दोन जास्तीचे वायरवाले कंट्रोलर ग्रुपच्या मालकीचे हवेत, बक्षिसाच्या पैशातून हेच घ्या. टीव्ही गेम मोडवर टाकायचा, मॅचमध्ये चुकून पॉज दाबलं जाणार नाही हे बघायचं, आणि आधीच्या माणसाचा ब्लूटूथ कंट्रोलर डिस्कनेक्ट केला का ते बघायचं, नाहीतर मॅचच्या मध्येच त्याच्या बॅगेतला कंट्रोलर चालू होतो आणि भांडण लागतं.

बक्षिसाबद्दल अजून थोडं. रक्कम मोठी केली की बाहेरून तयार खेळाडू येतात, घेऊन जातात, आणि तुमच्या पोरांना आणखी एक हरायचं कारण मिळतं. प्रवेश फी जागेच्या भाड्यापुरती ठेवा. साइडला पैसे लावून खेळणं आमच्याकडे पूर्ण बंद आहे, आणि तुम्हीही बंदच ठेवा. ऑनलाइन पैशाच्या गेमवर २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आणलीये आणि इ-स्पोर्ट्सला त्यातून वेगळं काढून मान्यता दिलीये, अशा वेळी कोणाच्या आईवडिलांना आपलं सेशन म्हणजे जुगाराचा अड्डा वाटला तर संपलंच सगळं. घरचे विचारतात तेव्हा मी त्यांना सांगतो की हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये स्ट्रीट फायटर ५ ला खरंखुरं मेडल होतं आणि भारताकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास त्यात उतरले होते. मेडल नाही आलं, पण आईवडिलांचा सूर बदलतो.

वागणुकीचा नियम पहिल्या दिवसापासून हवा. ओळखीतल्या दोघांनी एकमेकांची खेचली तर मजा येते, मलाही आवडतं, पण नवीन माणसाची नाही, आणि आईबहिणीवरून तर कोणाचीच नाही. मुली येत नाहीत अशी तक्रार सगळे करतात, मग त्या आल्या त्या दिवशी खोलीत काय भाषा चालू होती ते पण आठवून बघा ना. एखादी आली तर तिच्या खुर्चीमागे कोंडाळं करू नका, बाकीच्यांसारखं खेळू द्या, आणि नंतर तिला वैयक्तिक मेसेज टाकणाऱ्याला एकदाच समज द्यायची, दुसऱ्यांदा बाहेर. तो कितीही भारी खेळत असला तरी, आणि तो तुमचा जिगरी असला तरी. इव्हो ही या खेळातली जगातली सगळ्यात मोठी स्पर्धा, पण २०२० मध्ये तिच्या प्रमुखावरच गैरवर्तनाचे आरोप झाले, गेम कंपन्यांनी पाठ फिरवली आणि त्या वर्षीची ऑनलाइन स्पर्धा रद्द झाली. नियम वरच्या माणसालाही लागू हवा.

तगड्या खेळाडूंचं काय, हा प्रश्न येतोच, त्यांना नवीन पोरांशी खेळून कंटाळा येतो, आणि ते बरोबरही आहे. त्यांच्यासाठी सेशनचा शेवटचा तास वेगळा ठेवा, फर्स्ट टू टेनचे (आधी दहा मॅच जिंकेल तो) लांब सेट लावा. पण त्यांना एक उदाहरण जरूर सांगा. लाहोरचा अर्सलान अॅश २०१९ मध्ये आधी इव्हो जपान जिंकला आणि त्याच वर्षी लास वेगासला कोरियाच्या ‘नी’ या खेळाडूला हरवून मुख्य इव्हो पण जिंकला, इव्हो जपानच्या आधी बाहेर त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं. सगळे विचारायला लागले हा आला कुठून. आला तो तिथल्या पार्लरमधून, जिथे रोज समोर तेवढीच तगडी पोरं बसायची, आणि तो योगायोग नव्हता, कारण पुढे त्याच पाकिस्तानचा अतिफ बट टेकन वर्ल्ड टूरची फायनल जिंकला. एकट्यानं ऑनलाइन रँक वाढवून माणूस एका ठिकाणी अडकतो, समोर बसणारा सुधारला की आपण सुधारतो, त्यामुळे नवीन पोराला शिकवण्यात तगड्या खेळाडूचाच फायदा आहे.

आता नाशिकपुरतं. आपला खरा त्रास हा की पोरं डिग्री झाली की निघून जातात, हिंजवडी नाहीतर ठाणे-मुंबई. ते थांबणार नाही, मग त्याच्यासकट प्लॅन करायचा. वर्षातली मोठी टुर्नामेंट दिवाळीत ठेवा, भाऊबीज झाल्यावरच्या दिवसात, तेव्हा सगळे घरी असतात, जुने-नवे एकत्र येतात आणि नवीन पोरांना बाहेर खेळून आलेल्यांचा हात बघायला मिळतो. युनिव्हर्सिटीच्या परीक्षा चालू असताना टुर्नामेंट ठेवूच नका, पण सेशन बंद पण करू नका, तीन जण आले तरी दिवस, वेळ आणि जागा तीच. एकदा दोन रविवार गॅप पडला की लोकांना दुसरी सवय लागते.

दुसरं म्हणजे फक्त कॉलेजच्या पोरांवर अवलंबून राहू नका. आपल्या शहरात पस्तीस-चाळिशीतली भरपूर माणसं आहेत ज्यांनी लहानपणी केओएफ ९७ (किंग ऑफ फायटर्स) वर नाणी उडवलीत आणि तासाच्या भाड्यानं टेकन ३ खेळलंय, ती आता अंबडला कंपनीत आहेत, स्वतःचं दुकान आहे, आणि ती कुठे जाणार नाहीयेत. त्यांच्यासाठी एका जुन्या लॅपटॉपवर जुने पार्लरचे गेम चालवणारं फाइटकेड टाका, केओएफ लावा, बघा कशी येऊन बसतात. त्यातले काही हळूहळू टेकन ८ वर पण येतात. मात्र मुख्य गेम एकच ठेवा, बारा जणांत चार गेम केले तर प्रत्येक गेमला तीन माणसं उरतात.

जागेसाठी गेमिंग कॅफेवाल्याशी बोलताना त्याचा धंदा समजून घ्या. त्याची गर्दी संध्याकाळी असते, रविवारी सकाळी अकरा ते तीन कन्सोल रिकामे पडलेले असतात, तेवढ्या वेळाचा ठोक रेट मागा आणि दर आठवड्याला येऊ असा शब्द द्या, आणि पाळा. सकाळची वेळ अजून एका कारणानं बरी, नाशिक रोड, सिडको, पंचवटीहून येणाऱ्या पोरांना बसनं उजेडात घरी जाता येतं, आणि आधी सगळे मिळून मिसळ खायला जाता येतं, निम्मी ओळख तिथेच होते.

ऑनलाइन खेळणं चालू ठेवाच, आठवड्यात मध्ये एक रात्र ठरवून, पण वायफायवर नाही, केबल लावून. रोलबॅक (गेममधलं लॅग झाकायचं तंत्र) चांगलं असलं तरी वायफाय मध्येच झटके देतं आणि नवीन माणसाला वाटतं आपणच वाईट खेळतोय.

आणि तुम्ही एकटेच सगळं बघत असाल, म्हणजे ब्रॅकेट तुम्ही, कॅफेवाल्याचा नंबर तुमच्याकडे, ग्रुप अॅडमिन तुम्ही, तर येत्या रविवारीच यातलं एक काम दुसऱ्याच्या हातात द्या. शक्यतो असा जण बघा जो चांगला खेळत नाही पण दर आठवड्याला येतो. त्याला ब्रॅकेट चालवायला बसवा, शेजारी बसून दाखवा, पुढच्या वेळी त्याला एकट्याला करू द्या आणि तुम्ही खेळा. उद्या तुम्हालाच पुण्याला नोकरी लागली तर कॅफेचं शटर उघडल्यावर टीव्ही लावणारं कोणीतरी हवं ना.