आकारस्मृती की स्थितिस्थापकता?

प्रश्न असा आहे: निटिनॉल या निकेल-टायटॅनियम मिश्रधातूची वाकवलेली तार गरम केली की सरळ होते, आणि त्याच मिश्रधातूची दुसरी एक तार नुसती सोडली तरी सरळ होते. दोन्हींना 'आकारस्मृती' म्हणायचं का? आणि वजन टांगलेलं असतानाच तार आकसली, तर तिला इंग्रजीवरून शब्दशः 'भाराखालील पुनर्प्राप्ती' म्हणायचं का?

आकारस्मृती फक्त पहिलीची. ही तार थंड असताना मार्टेन्साइट रचनेत असते, म्हणजे अणूंच्या सहज कलणाऱ्या मांडणीत. वाकवली तरी अणूंचे शेजारी बदलत नाहीत, रचना नुसती कलते. अशा तारेची वाकडी क्लिप गरम पाण्यात टाका, ऑस्टेनाइट रचना (अणूंची गरम असतानाची मांडणी) परतते आणि क्लिप डोळ्यांदेखत उलगडते. दुसरी तार नेहमीच्या तापमानालाच ऑस्टेनाइट असते. ताणामुळे तिच्यात मार्टेन्साइट तयार होतं आणि ताण गेला की नाहीसं होतं. अशी तार ८ टक्क्यांपर्यंत लांबून परत येते. साध्या पोलादाला १ टक्काही झेपत नाही. हिच्यासाठी 'अतिस्थितिस्थापकता' हा शब्द चोख आहे.

गंमत म्हणजे हे दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत. न्याय आणि वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनांनी 'संस्कार' तीन प्रकारचा मानला: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. भावना म्हणजे ज्यातून स्मृती जागते तो संस्कार. आणि वाकवलेली वस्तू पहिल्या स्थितीत आणतो तो स्थितिस्थापक. स्मृती आणि लवचीकपणा यांना इतकं जवळ बसवणारी दुसरी परिभाषा मला माहीत नाही. तार साच्यात घट्ट धरून सुमारे ५०० अंश सेल्सियसला तापवतात तेव्हा तिचा आकार ठरतो. त्या क्रियेलाही आपण उष्णता-संस्करणच म्हणतो!

आता 'भाराखाली'. मराठीत माणूस ओझ्याखाली दबतो. ही तार उलट ओझं उचलते. म्हणून मी 'भार पेलत मूळ आकार धरते' असं लिहीन. 'पुनर्प्राप्ती' हरवलेल्या वस्तूची होते, आकाराला 'धरणे' हेच क्रियापद शोभतं. भार मार्टेन्साइटच्या बाजूने ओढत असल्यामुळे तारेला एरवीपेक्षा जास्त तापावं लागतं, हेही 'पेलत' या शब्दात आपसूक येतं.

थंड झाल्यावर तेच वजन तिला पुन्हा लांबवतं. याला आकार 'विसरली' म्हणू नये, कारण तापवली की ती पुन्हा आकसते. वजन फारच वाढलं आणि स्फटिकांचे थर कायमचे घसरले, तरच 'विसरली' म्हणावं.