काकांची खुर्ची कुठे मांडायची?

प्रश्न : माझ्या मुलीचा साखरपुडा मार्गशीर्षात एरंडवण्यातल्या एका कार्यालयात आहे. माझे धाकटे दीर, वय 58, आमच्याजवळच राहतात. विशीत त्यांना कुष्ठरोग झाला होता. 1988 साली कोंढव्याच्या रुग्णालयात औषध सुरू केलं, दोन वर्षांत बरे झाले. पण दोन्ही हातांची बोटं आत वळलेली राहिली, उजव्या हाताची दोन आखूड झाली. लग्न केलं नाही. मुलीला शाळेत नेणं-आणणं, तिचे क्लास, सगळं त्यांनीच केलं. व्याही मंडळी कोल्हापूरची, माणसं चांगली वाटतात, पण त्यांना हे माहीत नाही. आमचे हे म्हणतात, कशाला विषाची परीक्षा? भाऊजींना विचारलं तर तेच म्हणाले, ‘वहिनी, मी थांबतो घरी, नाहीतरी घराकडे कुणीतरी हवंच.’ ते आपणहून म्हणाले, तरी मला झोप लागत नाही. मुलगी तर या विषयावर बोलतच नाही. काय करू?
– एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : ताई, ‘घराकडे कुणीतरी हवंच’ हे वाक्य माझ्या चांगलं ओळखीचं आहे. आमच्या घरात त्याचं रूप होतं, ‘दागिन्यांच्या खोलीत कुणीतरी विश्वासाचं हवं.’

1984 च्या मे महिन्यात माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न सदाशिव पेठेतल्या एका कार्यालयात झालं. मी एकोणीस वर्षांची. डावा पाय दुसऱ्या वर्षीच पोलिओनं गेलेला, त्याला कॅलिपर, म्हणजे लोखंडी आधार. सकाळी आठ वाजल्यापासून मी वधूपक्षाच्या खोलीत एका पत्र्याच्या ट्रंकेशेजारी बसून होते. मंगलाष्टकं भिंतीपलीकडून ऐकली. एक मावशी मूठभर अक्षता देऊन गेली होती, ‘सावधान’ ऐकू आलं की त्या मी ट्रंकेवर टाकत होते. पुढे कितीतरी वर्षं आई कौतुकानं सांगायची की लग्नात सगळे दागिने धाकटीच्या ताब्यात होते, आणि मीही ते तसंच सांगायचे. दहा-अकरा वर्षांनी त्याच कार्यालयात मामेभावाचं लग्न होतं. त्याच खोलीला या वेळी बाहेरून एक साधं कुलूप लावलेलं होतं आणि आत कुणी नव्हतं. मी जेवायच्या रांगेत उभी होते. ते कुलूप बघितलं आणि हातातलं ताट खाली ठेवलं.

म्हणून विचारते, भाऊजींना तुम्ही विचारलंत म्हणजे नेमकं कसं विचारलंत? ‘भाऊजी, तुम्ही काय करणार आहात त्या दिवशी?’ असं? की त्याआधी चार दिवस, ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले की तुमचं दोघांचं बोलणं थांबत होतं? सदतीस वर्षं ज्यानं हात खिशात ठेवून लोकांचे चेहरे वाचलेत, तो तुमचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देऊन मोकळा होतो. तुम्हाला अवघडायला नको म्हणून. हे त्यांनी ‘आपणहून’ म्हटलं असं मला तरी वाटत नाही, आणि झोप लागत नाही त्या अर्थी तुम्हालाही वाटत नाही.

आता तुमच्या यजमानांचं. विषाची परीक्षा म्हणताना विष कोण, हे त्यांना एकदा शांतपणे विचारा. त्यांना भीती बहुधा दोन गोष्टींची असेल, संसर्गाची आणि ‘घराण्यात आहे’ या शंकेची. कुष्ठरोग आनुवंशिक नाही. तो एका जंतूमुळे होतो, आणि तो जंतू नॉर्वेच्या हॅन्सेननं 1873 मध्येच शोधला. बहुविध औषधोपचाराची, म्हणजे दोन-तीन औषधं एकत्र देण्याची, शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं 1981 मध्ये केली. त्या गोळ्या सुरू झाल्या की रोगी थोड्याच दिवसांत संसर्ग देईनासा होतो. भाऊजी 1990 पासून रोगमुक्त आहेत. राहिलंय ते जुनं नुकसान. जंतूनं कोपरामागची नस मारली, म्हणून बोटं वळली. आणि बोटं ‘झडतात’ ही लोकांची समजूत खोटी आहे. हाताला चटका, खरचटणं काही कळत नाही, जखमा होत राहतात, चिघळतात आणि बोट आखडत जातं. वळलेली बोटं स्नायूबंध फिरवून सरळ करण्याच्या शस्त्रक्रिया वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी 1940 च्या दशकाच्या शेवटी सुरू केल्या. भाऊजींना इतक्या वर्षांनी काही फायदा होईल का, हे हाताचे सर्जन सांगतील. पण हवी असेल तर ती त्यांच्यासाठी करा, साखरपुड्याच्या फोटोसाठी नको.

लोकांचं जाऊ द्या, कायद्यालाच किती उशीर झाला बघा. कुष्ठरोग्यांना वेगळं डांबायला इंग्रजांनी 1898 साली केलेला कायदा आपण 2016 मध्ये रद्द केला. जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागण्याची तरतूद 2019 पर्यंत पुस्तकात होती. तुमचे व्याही ज्या काळात वाढले त्या काळात सरकारच म्हणत होतं की हे घटस्फोटाचं कारण आहे. तेव्हा ते पहिल्यांदा दचकले तर लगेच वाईट माणसं ठरवू नका.

पण त्यांना सांगायचं का? सांगायचं, आणि साखरपुड्याच्या आधी. मात्र आजार भाऊजींचा आहे, तेव्हा परवानगी त्यांचीच लागेल. त्यांच्यासमोर बसा आणि म्हणा, ‘तुम्ही पुढच्या रांगेत बसणार आहात. कोल्हापूरला काय सांगू, किती सांगू, तुम्हीच सांगा.’ ‘नुसती बोटं वाकडी आहेत एवढंच सांगा’ म्हणाले तर तेवढंच सांगा. सगळं सांगा म्हणाले तर फोनवर, हॉलचं भाडं नि मेन्यू चाललेला असताना, त्याच आवाजात सांगा. पापाची कबुली दिल्यासारखं प्राण कंठाशी आणून नको. त्यावर तिकडून स्थळच मोडलं, तर ती माणसं कशी आहेत ते साखरपुड्याआधी कळलं. यजमानांना हा हिशेब पटेल, तो पुरुषांना सहसा पटतो.

मुलगी बोलत नाही, असं लिहिलंत. कुणावर रागावून बोलत नाही, ते नाही लिहिलंत. माझा अंदाज, तुमच्यावर. तिला विचाराच.

कार्यालयातलं थोडं सांगते, कारण यात ऐन वेळी घोळ होतात. वळलेल्या बोटांतून अक्षता गळतात, लग्नाच्या दिवशी त्यांना छोट्या वाटीत द्या. चहा-मसालेदूध बिनकानाच्या स्टीलच्या पेल्यात देऊ नका. हाताला चटका कळत नाही, फोड दुसऱ्या दिवशी दिसतो. कानाचा कप द्या. बुफेत एका हातात प्लेट धरून दुसऱ्यानं जेवणं त्यांना जमायचं नाही, टेबल-खुर्चीची पंगत असेल तर सगळ्याच म्हाताऱ्यांची सोय होते. जाड दांड्याचा चमचा घरून न्या. आणि फोटोग्राफरला आधी सांगून ठेवा की ‘काका, हात जरा मागे घ्या’ म्हणायचं नाही. ते म्हणतात. मला ‘ताई, साडी जरा पायावर घ्या’ म्हणतात.

प्रश्न : आमच्या सोसायटीत पाठीला मोठा बाक असलेले एक गृहस्थ नवीन आलेत. सूचनाफलकावर त्यांच्यासाठी रॅम्पची नोटीस लावायची आहे. अपंग लिहावं की दिव्यांग? कुणी दुखावायला नको.
– सचिव, कोथरूड

उत्तर : ‘दिव्यांग’ 2016 पासून सरकारी कागदावर आलं. माझ्या पायात दिव्य असं काही मला अजून सापडलेलं नाही, पण ज्यांना तो शब्द आवडतो त्यांच्याशी मी भांडत नाही. तुमच्या फलकावर दोन्ही नकोत. ‘ए विंगच्या पायऱ्यांशेजारी रॅम्प होत आहे’ एवढं पुरे. तो दूधवाल्याला, बाबागाडीला, सिलिंडरवाल्यालाही लागतो. आणि ज्यांच्यासाठी म्हणून करताय त्यांना एकदा विचारा तरी. पाठीला बाक असलेल्या माणसाला रॅम्पपेक्षा जिन्याला दुसऱ्या बाजूनं कठडा जास्त हवा असू शकतो.

दुखावण्याची एवढी धास्ती घेऊ नका. आमच्या जिन्यात तिसरीतला एक मुलगा आहे. त्यानं पहिल्याच दिवशी मला विचारलं, ‘आजी, तुझ्या पायाला लोखंड का?’ त्याची आई कानकोंडी होऊन त्याला ओढत होती. मी सांगितलं पोलिओ झाला होता. तो थोडा विचार करून म्हणाला, ‘पावसात गंजत नाही?’ गंजतं, म्हटलं, आणि पट्ट्याच्या चामड्याला बुरशी पण येते. आता जूनमध्ये पहिला पाऊस झाला की तो तेलाची बाटली घेऊन दार वाजवतो.