एचिंगला ‘कोरीवकाम’ म्हणावं का?

एचिंग म्हणजे धातूच्या पत्र्यावर अम्लानं रेघा पाडून चित्र छापण्याची पद्धत. प्रदर्शनाच्या माहितीपत्रकात ‘एचिंग’ऐवजी ‘कोरीवकाम’ लिहिलं तर चालेल का, असा प्रश्न आहे.

माझ्या मते चालू नये. एनग्रेव्हिंगमध्ये ब्युरिन हे टोकदार पोलादी हत्यार तांब्यात रेटून रेघ काढतात. तिथं ‘कोरणे’ चपखल बसतं. एचिंगची सुई धातूला जेमतेम टेकते. पत्र्यावर मेण, अस्फाल्ट आणि राळ यांचा पातळ लेप दिलेला असतो, तेवढाच ती खरवडते. उघडा पडलेला धातू खातं ते अम्ल. शब्दाच्या पोटातही हेच आहे. इंग्रजीत तो डचमधून आला, डचमध्ये जर्मनमधून, आणि मूळ जर्मन क्रियापद ‘खाणे’चं प्रयोजक रूप आहे. आपल्याकडे ‘चरणे’वरून ‘चारणे’ होतं, तसंच. धातू अम्लाला चारायचा!

म्हणून रेघेची खोली हाताच्या जोरावर नाही, वेळेवर ठरते. फिकट हव्या त्या रेघा थोडा वेळ खाल्ल्या गेल्या की वार्निशनं झाकतात आणि पत्रा पुन्हा अम्लात सोडतात. पत्रा तेलकट राहिला तर लेप धरत नाही, अम्ल खाली शिरतं आणि नको तिथं बारीक खड्डे पडतात. छापताना त्यांत शाई अडकून ठिपके उमटतात.

‘अम्लरेखन’ हा शब्द मला त्यामुळे योग्य वाटतो. जस्तासाठी विरल नायट्रिक अम्ल वापरतात. तांब्यासाठी बरेच जण वापरतात ते फेरिक क्लोराइड मात्र रसायनशास्त्राच्या हिशेबानं लवण आहे. पण त्याचं द्रावण अम्लधर्मीच असतं, तेव्हा तेवढ्यासाठी शब्द टाकू नये.

खरा घोटाळा छापखान्यातल्या जस्ताच्या लाइन ब्लॉकमुळे होतो. तोही अम्लानंच घडतो, पण उलट रीतीनं: तिथं अम्ल कोरी जागा खातं आणि शाई उंचवट्यावर लागते. चित्रकाराच्या एचिंगमध्ये शाई खाचेत भरतात, पत्र्याचा वरचा भाग पुसतात आणि ओलसर कागद दाबयंत्राखाली त्या खाचांत दाबतात. पहिल्याला ‘ठसा’ म्हणावं, दुसऱ्याला ‘अम्लरेखन’.

माहितीपत्रकात ‘अम्लरेखन, तांब्याचा पत्रा, 12/50’ असं लिहा. म्हणजे 50 प्रतींच्या आवृत्तीतली 12 क्रमांकाची प्रत. चित्राची छायाचित्रावरून ऑफसेटवर काढलेली नक्कल असेल, तर तिच्यावर सही आणि आकडा असला तरी ‘प्रतिकृती’ हाच शब्द वापरा.