किडा नाही, तरी दात पिकतो

प्रश्न : वय 34. पाय लहानपणापासून वाकडे, उंची कमी. दाताला किडा नाही, मार नाही, तरी वर्षभरात दुसऱ्यांदा हिरडीवर पुळी येऊन पू गेला. गावातले म्हणतात, दात काढून टाक. काढू का? (शेतकरी, वणी तालुका)

थांबा. वाकडे पाय, बेताची उंची आणि किडीशिवाय पिकणारा दात हे तिन्ही एका माणसात दिसले, की आधी आनुवंशिक मुडदूस आठवायला हवा. त्यातला नेहमीचा प्रकार म्हणजे एक्स-लिंक्ड हायपोफॉस्फेटेमिया. साधारण 20 हजारांत एकाला होतो. एफजीएफ-23 नावाचे संप्रेरक वाढते, मूत्रपिंडे फॉस्फरस लघवीवाटे सोडून देतात आणि हाडांसारखेच दातातले डेंटिनही (इनॅमल या वरच्या कठीण कवचाखालचा थर) कच्चे राहते. नसेची पोकळी मोठी असते, तिची टोके वर पार इनॅमलला भिडेपर्यंत पोचलेली. इनॅमल जरा झिजले किंवा केसाएवढी चीर गेली, की जंतू आत शिरतात, नस मरते, मुळाशी पू धरतो. वरून दात कसा, अगदी ठणठणीत!

असा दात बहुतेक वेळा रूट कॅनल आणि कॅपने वाचतो. शेजारच्या दातांचेही एक्स-रे काढून घ्या. उपाशीपोटी रक्त देऊन फॉस्फरस, कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि अल्कलाइन फॉस्फेटेज तपासा. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय किंवा वर्ध्याजवळच्या सावंगीचे दंत महाविद्यालय गाठा. वाकड्या पायांबद्दल दंतवैद्याला आपणहून सांगा, तो तोंडच बघतो!

एक सूचना. अल्कलाइन फॉस्फेटेज या आजारात सहसा वाढलेले असते. ते फारच कमी आले, तर 'कमी म्हणजे चांगलेच' असे समजू नका. तो हायपोफॉस्फेटेशिया हा वेगळा आजार असू शकतो. त्यात दुधाचे दात पाच वर्षांच्या आत, मुळासकट, न झिजता पडतात. आईला विचारा, तिला आठवत असेल.

प्रश्न : आमच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. दात तपकिरी, पाठ आखडते. हा तोच आजार का? (यवतमाळ जिल्हा)

डाग फ्लोराइडचे असतील. ते लहानपणी इनॅमल तयार होताना पडतात, त्याने हिरडीत पू होत नाही. पाठीचे मात्र सोपे नाही. फ्लोराइडनेही सांधे आखडतात आणि फॉस्फरस कमी असलेल्या प्रौढांच्याही मणक्याशी, टाचेशी हाड वाढते. रक्तातला फॉस्फरस बघितल्याशिवाय निवाडा करू नये.

प्रश्न : मला एक्स-लिंक्ड हायपोफॉस्फेटेमिया आहे. मुलांना होईल का?

तुम्ही पुरुष असाल तर सगळ्या मुलींना, मुलग्यांपैकी कुणालाच नाही. स्त्री असाल तर प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता. मुलांच्या दाढा उगवल्या की लगेच सीलंट (दाढांच्या खाचा बुजवणारा लेप) लावून घ्या.

प्रश्न : याच आजारावर दिलेल्या फॉस्फेटच्या औषधाने पोट बिघडते म्हणून सोडले. दात तर पूर्ण वाढले, आता काय उपयोग? (वर्धा जिल्हा)

झालेले डेंटिन बदलणार नाही, खरे आहे. पण औषध अर्धवट घेणाऱ्या प्रौढांत हिरड्यांचा आजार जास्त बळावलेला आढळतो. मात्रा लहान करून जास्त वेळा घेता येते का, डॉक्टरांना विचारा. दुधाबरोबर घेऊ नका, कॅल्शियम त्याला धरून ठेवते. मनाने मात्राही वाढवू नका, मूत्रपिंडात कॅल्शियम साचू शकते. 2018 पासून एफजीएफ-23 ला अडवणारे बुरोसुमॅब हे इंजेक्शन परदेशात वापरात आहे, पण ते फार महाग.

आणि सुपारी-तंबाखूचा खर्रा? तो सोडाच. हिरड्या आधीच नाजूक आहेत.